खऱ्या पट्ट्याचे सात, खोट्याचे चार

मानवी बुद्धीने अंधाराला समोरासमोर गाठून चितपट केले, असे क्षण इतिहासात फार थोडे. त्यांतला एक माझ्या डाव्या गुडघ्यात घडला, असे मी भर सभेत जाहीर केले, आणि टाळ्या थांबायच्या आत व्यासपीठाची एकुलती एक पायरी उतरताना तोच गुडघा कट्कन वाजला. पहिल्या रांगेला स्पष्ट ऐकू गेला. मी म्हणालो, "त्याचं अनुमोदन आहे." त्यावरही टाळ्या पडल्या. त्या दिवशी माझ्या कशावरही टाळ्या पडत होत्या.

सभागृह खच्चून भरले होते. खुर्च्या संपल्यावर लोक खिडक्यांत बसले, खिडक्या संपल्यावर जिन्यात उभे राहिले. एरवी आमच्या सभेला दोन रांगा भरतात आणि त्यांतली एक चहाची वाट पाहत असते. आमचे मंडळ म्हणजे शंकेखोर मंडळ. नाव लोकांनी चेष्टेने ठेवले, आम्ही ते कौतुकाने पाटीवर रंगवून घेतले. कुणाच्या अंगात आले, कुणाच्या घरची तसबीर रडली, कुणाच्या परसात गुप्तधन सापडू लागले की आम्ही जायचे, तपासायचे, बिंग फोडायचे आणि परत येऊन एकमेकांना शाबासकी द्यायची. पाटीवर नावाखाली आमचा एकच नियम आहे: 'आमच्या चाचणीत टिकेल ते आम्ही मानू.' नियम मी सुचवलेला. अध्यक्षही मीच. वर्तमानपत्रांतून बुवाबाबांची टर उडवण्यात ज्याची हयात गेली, तो अध्यक्ष व्हायचा नाही तर कोण?

तर अशा या मंडळाकडे एक गृहस्थ आपण होऊन आले. बारीक चण, इस्त्रीचा शर्ट, हातात कातडी पेटी. स्वतःला नुसते 'संशोधक' म्हणवत. पेटीत राखाडी कापडाचे पट्टे होते. गुडघ्याला बांधायचे मोठे, मनगटाला बांधायचे लहान. आत कसलीशी धातूची तार.

"प्रत्येक पेशीला स्वतःची एक लय असते," संशोधक म्हणाले. "वय झालं की पेशी ती लय विसरते. दुखणं म्हणजे दुसरं काही नाही, विसरलेली लय. हा पट्टा पेशीला आठवण करून देतो."

"आठवण करून देतो म्हणजे नेमकं काय करतो?" प्राचार्यबाईंनी विचारले. त्या आमच्या मंडळातल्या सर्वांत तिखट. निवृत्त झाल्या तरी त्यांनी नजर टाकली की मोठमोठी माणसे खिशातले हात बाहेर काढतात.

"बाई, आई मुलाला हाक मारते तेव्हा नेमकं काय करते?"

"ओरडते."

"तेच. फक्त सूक्ष्म."

आम्ही खूश झालो. अशी शिकार बऱ्याच दिवसांत आयती दारात आली नव्हती. आमचे चिटणीस, जे जमीनमोजणीच्या कामातून निवृत्त झाले आहेत आणि अजून कुठल्याही खोलीत शिरले की आधी डोळ्यांनी तिची लांबी-रुंदी घेतात, त्यांनी तर बाह्या वर केल्या. आणि मग संशोधक ते वाक्य बोलले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. मला तपासा. पद्धत तुमची, नियम तुमचे, माणसंही तुमचीच. निकाल लागेल तो मला मान्य."

चिटणिसांनी बाह्या खाली घेतल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. आयुष्यभर आम्ही तपासायला निघालो की लोक दारे लावून घेत आले. काहींनी कुत्री सोडली. आणि हा भला माणूस आपले दार सताड उघडून, या बसा म्हणत उभा. खरे सांगतो, चाचणीच्या आधीच आम्ही निम्मे जिंकले गेलो होतो. फक्त कोण कुणाला जिंकतो आहे हे कळायला वेळ लागला.

चाचणी आम्ही अगदी चोख केली. मंडळातले वीस दुखरे गुडघे निवडले. आमच्याकडे त्यांची टंचाई नाही. दहा जणांना खरे पट्टे. उरलेल्या दहांसाठी हुबेहूब तसेच दिसणारे, आत तारेऐवजी साधी दोरी असलेले खोटे पट्टे शिंप्याकडून शिवून घेतले. कुणाला कोणता, ते चिठ्ठ्या टाकून ठरले आणि ते फक्त प्राचार्यबाईंना ठाऊक. प्राचार्यबाईंकडून गुपित काढणे म्हणजे दगडाला पत्ता विचारणे. सहा आठवड्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न: दुखणे निम्म्यावर आले का, हो की नाही.

निकाल त्या भरल्या सभागृहात फुटला. खरा पट्टा बांधलेल्या दहांपैकी सात जण म्हणाले हो. खोटा बांधलेल्या दहांपैकी चार.

चिटणिसांनी फळ्यावर लिहिले: सत्तर टक्के आणि चाळीस टक्के. टक्क्यांत एक मोठी गंमत आहे. सात म्हटले की सात माणसे दिसतात, त्यांतला एक दात दुखतो म्हणून गैरहजर असतो. सत्तर टक्के म्हटले की डोळ्यांपुढे अख्खी शहरे चालू लागतात.

आता माझ्या गुडघ्याचे. मला दुसऱ्याच आठवड्यापासून गुण येऊ लागला होता. मी जिना शीळ घालत चढत होतो, शेजाऱ्यांना थांबवून गुडघा दुमडून दाखवत होतो. माझा पट्टा खराच असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि शंका तर माझा व्यवसाय. प्राचार्यबाईंनी नावे वाचली. माझा पट्टा खोटा निघाला. आत शिंप्याची दोरी.

कुणाही शहाण्या माणसाने त्या दोरीवरून काय तो बोध घेतला असता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खोट्या पट्ट्याने जर माझ्यासारख्याला एवढा गुण, तर खऱ्याने काय होईल, याचा विचार करा."

लोकांनी विचार केला. संध्याकाळपर्यंत संशोधकांची पेटी रिकामी झाली होती. एक गुडघ्याचा आणि एक मनगटाचा पट्टा मी आधीच बाजूला काढून घेतला होता. अध्यक्ष असण्याचे काही फायदे असतात.

मनगटाचा पट्टा ताईसाठी होता.

ताई माझी मोठी बहीण. तिचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन टेबले, एक लोखंडी दाबयंत्र आणि पुठ्ठ्यांचा वास. कापायला, चिकटवायला माणसे आहेत, पण पानांची शिवण ती स्वतः घालते. तिने शिवलेले जाडजूड पुस्तकसुद्धा कुठेही उघडा, टेबलावर सपाट पडून राहते, हात धरावा लागत नाही. तिला सांध्यांचा विकार आहे. माझ्या गुडघ्यासारखा वयाचा नव्हे. तिच्या शरीराने स्वतःच्याच सांध्यांशी वैर धरले आहे. ते वैर आवरायला आठवड्यातून एकदा गोळी घ्यायची असते. गोळीनंतरचे दोन दिवस तिला मळमळते, अन्न समोर नको होते.

मी पट्टा टेबलावर ठेवला. तिने पट्ट्याकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले.

"तुमच्या मंडळाने तपासलंय हे?"

"तपासलंय."

"नीट?"

"खोटे पट्टे शिवून घेतले होते आम्ही. आणखी काय नीट हवं?"

"अरे, तू लहानपणी आईने चमच्यात औषध ओतलं की आधी बाटली मागून घेऊन वाचायचास. तू मानतोस म्हणजे असणार काहीतरी." सुईत दोरा ओवता ओवता ती पुढे म्हणाली, "मग त्या गोळ्यांचं पुरे करते आता. दर आठवड्याला दोन दिवस मेल्यासारखी पडून असते मी."

मी म्हणालो, "मी काही डॉक्टर नाही, बाई."

हे वाक्य दोन सुरांत म्हणता येते. एका सुरात त्याचा अर्थ 'असे करू नकोस' असा होतो. मी दुसऱ्या सुरात म्हटले.

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, डॉक्टर आहे. दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात सांध्यांच्याच विभागात काम करते. आईने फोनवर तिला गोळ्यांचे काही सांगितले नाही. ती सुट्टीवर आली तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती थेट माझ्याकडे. मी गॅलरीत पाय पसरून बसलो होतो, गुडघ्याला पट्टा. या वेळी खरा.

"मामा, आईची बोटं पाहिलीस तू?"

"थोडी सूज आहे खरी. संशोधक म्हणाले, लय परत येताना पेशी जरा कुरकुर करतात."

ती समोरच्या खुर्चीत बसली. लहानपणी ती रागावली की आधी पायांतल्या चपला काढून ठेवायची. तिने चपला काढल्या.

"पेशी कुरकुरत नाहीयेत, मामा. सांधे खराब होतायत. सकाळी तिला मूठ वळता येत नाही. काल तिने सुई दुसऱ्या बाईच्या हातात दिली आणि मला सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय."

मला हे ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणजे, मी कारखान्यात जाणे हल्ली जरा कमी केले होते.

"सूज औषधाने उतरेल," ती म्हणाली. "पण एकदा वाकलेलं बोट औषधाने सरळ होत नाही. हे असंच वर्षभर चाललं तर आई पुन्हा शिवायला बसणार नाही."

"मग सांग ना तिला. तू डॉक्टर आहेस."

"सांगितलं. म्हणते, तू गोळीवाल्यांच्या बाजूची. मामाचं मंडळ कुणाच्याच बाजूचं नाही. त्यांनी तपासून शब्द दिलाय. त्यांनी मागे घेतला तर मी गोळी घेईन."

हे ऐकून क्षणभर मला अभिमान वाटला. यावरून माझी प्रकृती त्या वेळी किती बिघडली होती याची कल्पना यावी.

"मागे कसा घेणार?" मी म्हणालो. "चाचणी प्रामाणिक होती."

"होती ना. म्हणून तर तुला नीट झापताही येत नाहीये." तिने चपला पुन्हा पायांत सरकवल्या. "रविवारी त्या संशोधकांचा सत्कार ठेवलाय म्हणे तुम्ही. त्याच्या आधी मला जरा वेळ दे. आईला मी घेऊन येते. आणि घरात पत्त्यांचा कॅट आहे का?"

रविवारी सभागृह पुन्हा भरले. संशोधक पहिल्या रांगेत, मांडीवर पेटी. ताई मागच्या बाजूला, दाराजवळ, हात पदराखाली. मी प्रास्ताविकात भाचीची ओळख 'नव्या पिढीची शंकेखोर' अशी करून दिली आणि स्वतःच्या उदारपणावर खूश होऊन खाली बसलो.

भाचीने व्यासपीठावरच्या टेबलावर पत्ते मांडले. "ज्यांना बरं वाटलं ते लाल पत्ते. नाही वाटलं ते काळे. खऱ्या पट्ट्याचे सात आणि खोट्याचे चार, मिळून बरे वाटलेले किती?"

"अकरा," चिटणीस म्हणाले.

"म्हणून अकरा लाल, नऊ काळे. वीस माणसं. आता चिटणीसकाका, तुम्ही हे पिसा आणि दोन ढीग करा, दहा-दहाचे. डावा ढीग खऱ्या पट्ट्याचा समजू, उजवा खोट्याचा. पत्त्यांना कुणी काही बांधलेलं नाही, हे सगळ्यांनी बघून घ्या."

चिटणिसांनी पत्ते उलटसुलट करून तपासले. सवय. मग पिसले, वाटले, उलटवले. डावीकडे पाच लाल, उजवीकडे सहा.

"बघा," चिटणीस सभेकडे वळून म्हणाले, "काही न करता वाटलं की अशी सारखी वाटणी होते. आमची काय सारखी होती?"

"पुन्हा वाटा," भाची म्हणाली.

डावीकडे सहा, उजवीकडे पाच. चिटणीस मान डोलावू लागले. संशोधकही डोलावू लागले. मीही.

तिसऱ्यांदा डावीकडे सात लाल आले. उजवीकडे चार.

चिटणिसांनी ते दोनदा मोजले. मग एका पत्त्याची कड नखाने खरवडून पाहिली.

"डाव्या ढिगाला पट्टा कुणी बांधला?" भाचीने विचारले.

"हा योगायोग आहे," चिटणीस म्हणाले.

"तेच म्हणायला आलेय मी."

"तुम्हाला पिसता येत नाही, चिटणीस," म्हणत प्राचार्यबाई व्यासपीठावर चढल्या. "पत्ते पिसताय की जमीन मोजताय?" त्यांनी असे पत्ते पिसले की त्यांच्या निवृत्तीनंतरच्या दुपारी कशा जातात हे सगळ्या गावाला कळले. वाटले. डावीकडे चार, उजवीकडे सात.

खिडकीतून कुणीतरी म्हणाले, "आता दोरीचा सत्कार करा."

मी उठून बोलायचा प्रयत्न केला. "हे पत्ते आहेत. आमचे गुडघे होते. गुडघ्याला भावना असतात."

"मामा, तू वाट आता."

मी मनातल्या मनात पाच-सहा, पाच-सहा असा धोशा लावून अतिशय सावकाश पत्ते वाटले. डावीकडे आठ आले, उजवीकडे तीन. आमच्या सबंध चाचणीपेक्षाही घवघवीत यश. टाळ्या नाहीत, पण जिन्यातले लोक हसायला लागले, आणि ते हसू हळूहळू पुढच्या रांगांपर्यंत आले. मग कुणालाच आवरेना. जो तो वर येऊन वाटून बघू लागला. पाच-सहा वाटपांत एकदा तरी डाव्या ढिगात सात किंवा त्याहून जास्त लाल पत्ते निघत होते. कुठला का ढीग असेना म्हटले, तर साधारण तिसऱ्या वाटपाला.

"म्हणजे आमची चाचणी खोटी?" चिटणिसांनी विचारले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. मला त्यांची दया आली, आणि तेवढ्यात आठवले की अध्यक्ष मी आहे.

"खोटी नाही, काका. लहान आहे. तुम्ही चिठ्ठ्या टाकल्यात, खोटे पट्टे शिवलेत, हे किती जण करतात? पण वीस माणसांची चाचणी पुटपुटते. तिचं पुटपुटणं तुम्ही फर्मान म्हणून ऐकलंत. पट्टा बिनकामाचा आहे असंही या पत्त्यांनी सिद्ध होत नाही. पट्ट्याबद्दल चाचणीच्या आधी तुम्हाला जेवढं माहीत होतं, जवळपास तेवढंच आजही माहीत आहे, एवढाच याचा अर्थ."

"पण मला गुण आला होता," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आणि त्यावर लेख लिहीत आलो. स्वतःच्या तोंडून ते फारच पटण्यासारखे वाटते.

"आला असेल. तुझा गुडघा कायम सारखाच दुखतो का?"

"नाही. कधी फार, कधी बरा."

"चाचणीत नाव कधी दिलंस?"

नाव दिले त्या आठवड्यात मी भिंत धरून चालत होतो.

"सगळे तेव्हाच नाव देतात, मामा. अगदी असह्य झालं की. त्यानंतर बरेचदा थोडं बरं वाटतंच, पट्टा बांधा नाहीतर दोरी बांधा. वर तुला अध्यक्ष म्हणून गुण यायलाही हवा होता. म्हणून तर दोरीचेही चार निघाले."

संशोधक उठले. चेहऱ्यावर तेच प्रसन्न हसू. "डॉक्टरबाईंचं बोलणं मला मान्य आहे. एका चाचणीने काय होतं? पण मी काही एका मंडळाकडे गेलो नाही. तुमच्यासारख्या शंकेखोर मंडळींनी, अशाच वीस-वीस माणसांवर, मला तपासलंय. आणि मान्यता दिलीय. तुमची धरून तीन मंडळांनी."

सभा पुन्हा त्यांच्या बाजूला कलली. तीन म्हणजे तीन. मीही जरा सावरून बसलो.

"तपासलं किती मंडळांनी?" भाचीने विचारले.

"अं?"

"मान्यता तिघांनी दिली. तपासलं किती जणांनी?"

"पंधरा झाली की आता," संशोधक अभिमानाने म्हणाले. "पंधरा ठिकाणी मी छाती पुढे करून उभा राहिलोय."

"आणि उरलेल्या बारा ठिकाणी?"

"तिथे वातावरण अनुकूल नव्हतं. पेशी फार संवेदनशील असते. काही ठिकाणी लोकच नकारात्मक होते."

प्राचार्यबाईंच्या हातात अजून पत्ते होते. त्यांनी ते टेबलावर नीट एकावर एक ठेवले. "म्हणजे तुम्ही गावोगाव पत्ते वाटत फिरता," त्या म्हणाल्या, "आणि डावीकडे लाल निघाले की त्या गावात सत्कार घेता."

कुणी हसले नाही. पाच-सहांत एकदा, पंधरांत तीन. चिटणिसांचे ओठ हलताना दिसले. ते हिशेब ताडून पाहत होते आणि तो जुळत होता. चमत्कार पट्ट्यात नव्हताच. तो 'मला तपासा' या वाक्यात होता. जो पुरेशा ठिकाणी स्वतःला तपासून घेतो, त्याला कुठे ना कुठे पास करणारे आमच्यासारखे प्रामाणिक लोक भेटतातच.

"मी कधीही खोटं बोललेलो नाही," संशोधक म्हणाले, आणि मला वाटते ते स्वतःशी खरेच बोलत होते.

"नाही बोललात," भाची म्हणाली. "फक्त बारा वेळा गप्प बसलात."

त्यांनी पेटीचा खटका लावला. जाताना मला हात जोडून म्हणाले, पुढच्या आठवड्यात एका मंडळात चाचणी आहे, शुभेच्छा असू द्या. मी सवयीने दिल्या.

लोक उठायच्या बेतात होते तेव्हा ताईने मागून विचारले. आवाज चढवला नाही, पण तिला सगळे थांबले.

"आणि माझी गोळी गं? तीही कुणीतरी अशीच पत्ते वाटून काढलेली असेल की."

भाची व्यासपीठावरून खाली उतरली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "सुरुवातीला तीही थोड्याच लोकांत तपासली होती, आई. तेव्हा तिच्यावरही भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. मग वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लोकांनी, शेकड्यांनी माणसं घेऊन पाहिली. जिथे कमी उपयोग झाला तेही धरलं. कितीही वाटा, ढीग त्याच बाजूला झुकतो. आणि तिने मळमळतं, हेही त्यातच मोजलंय. तुला मळमळतं, तर त्यावर उपाय आहेत. वेळ बदलता येते, सोबत दुसरी गोळी देतात, नाहीच सोसलं तर औषध बदलतात. तू कधी बोललीच नाहीस."

"तू कधी विचारलंस? आलीस की माझी बोटं दाबून बघतेस आणि जातेस."

भाचीने मान खाली घातली. त्या दिवशी तिचा एवढा एकच प्रश्न हुकला, पण तो तीन महिन्यांपूर्वीच हुकलेला होता.

"मंडळाचं काय म्हणणं?" ताईने विचारले. भाचीला नव्हे, मला.

भरल्या सभेत शब्द मागे घेणे ही गोष्ट मी इतरांना नेहमी फार सोपी करून सांगत आलो आहे. मी म्हणालो, "ताई, मंडळाला काहीच ठाऊक नव्हतं. अध्यक्षांना त्याहून कमी. गोळी घे."

तिने पदराखालून हात बाहेर काढले, मनगटावरचा पट्टा सोडायला. तिला तो सोडवेना. बोटे वांग्यासारखी तट्ट फुगली होती. मी सोडवून दिला. गाठ मीच बांधलेली होती.

त्यानंतर गोळीने आपले काम करायला घेतले. गोळीला घाई नसते. दोन-अडीच महिन्यांत सूज उतरली, मूठ वळू लागली, ताई पुन्हा शिवायला बसू लागली. उजव्या हाताची करंगळी मात्र आत वळली ती वळलीच. ताई म्हणते करंगळीचे शिवणीत काही काम नसते. मी पुस्तकबांधणीतला तज्ज्ञ नाही, म्हणून मी यावर काही बोलत नाही.

मंडळाने ठराव केला की झाल्या प्रकाराबद्दल लोकांपुढे निवेदन ठेवावे आणि ते अध्यक्षांनी लिहावे. मी मन लावून लिहिले आणि पहिल्यांदा ताईला वाचून दाखवायला कारखान्यात गेलो. ती टेबलाशी एका शब्दकोशाच्या पाठीला खळ लावायच्या तयारीत होती. मी उभा राहून वाचू लागलो. बसून वाचण्यासारखा मजकूर नव्हता तो.

"लोकहो, आम्हांला कुणी फसवले नाही. आम्ही एका लहानशा खऱ्या गोष्टीला मोठी गोष्ट समजलो. उद्या कुणी तुम्हांला सांगेल की अमुक उपायाने इतक्या टक्के लोकांना गुण आला, तेव्हा टक्के बाजूला ठेवा आणि माणसे मोजा. ज्यांना उपाय दिला नाही त्यांचे काय झाले ते विचारा. हे किती ठिकाणी करून पाहिले आणि जिथे फसले ती ठिकाणे कुठे गेली, ते विचारा. सांगणारा सज्जन असेल तरी विचारा. सांगणारे आम्ही असू तर दोनदा विचारा. एकाला गुण आला म्हणून चालू असलेले औषध सोडू नका. सोडावेसे वाटले तर ज्याने दिले त्याच्याशी आधी बोला. बुद्धी ही एकदा मिळवून पाटीवर रंगवून ठेवायची वस्तू नव्हे. ती रोज नव्याने वापरावी लागते, विशेषतः आपल्याला जे खरे व्हावे असे फार वाटते त्या गोष्टीवर. मानवजातीची आजवरची वाटचाल..."

इथून पुढे सबंध एक पान मानवजात होती. ताईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मी कागद खाली केला आणि तिच्या तोंडाकडे पाहिले.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "आता या खळीच्या बरणीचं झाकण तेवढं उघडून दे."